पश्चिमेची भिंत

मुंब्र्याच्या त्या खोलीत मी एकतीस वर्षांनी गेलो
ते एका सहीसाठी.
वीजबिल अजून बाबांच्या नावाने निघत होतं,
सरखोतांच्या सुनेला ते बदलून हवं होतं.

सही झाली. चहा आला.
म्हातारे शमसुद्दीन सरखोत म्हणाले, बसा हो,
रेती बंदरला आता ट्रॅफिक असेल.
आणि इस्तंबूल सुरू झालं.

जहाजावर रंगारी होते ते. सुकी गोदी, एक्केचाळीस दिवस,
पगार अडकलेला. पायी हिंडायचे.
एका चढावर, कोबीच्या वाफ्यांमागे, बसकी मशीद:
लाल विटांच्या चार ओळी, मग दगडाची एक,
कुणी वही आखावी तशी.
लोक तिला नुसतं किलिसे म्हणत, म्हणजे चर्च.
चर्च म्हणत, आणि पाच वेळा तिथेच नमाजाला जात.

इमामाने हातवाऱ्यांनी सांगितलं ते असं:
कुण्या सरदाराच्या विधवेने मठ बांधला,
केस कापून तिथेच राहिली.
दिव्यांना तेल किती, आजारी जोगिणीला द्राक्षाची दारू किती,
सगळं लिहून ठेवलं.
मग पश्चिमेचे ख्रिस्ती आले, ख्रिस्त्यांचंच देऊळ लुटून गेले,
दाराचं पितळसुद्धा.
मग ग्रीक परतले. मग सुलतान.
मधे काही वर्षं नुसती कबुतरं.
मग कुण्या वजिराने मिनार जोडला,
मग आग, मग भूकंप, मग चुना,
चुन्यावर चुना.

"सतरा हात," सरखोत म्हणाले. "रंगाऱ्याला नखाने कळतं."

ओल आलेली भिंत खरवडायचं काम त्यांना मिळालं, जेवणावारी.
तिसऱ्या दिवशी पापुद्रा सुटला
आणि आत एक डोळा.
एकच. तपकिरी. नुकताच धुतल्यासारखा.
इमाम बराच वेळ उभा राहिला, मग काहीतरी बोलला.
तुर्की होतं, कळलं नाही.
त्यांनी चुना कालवला.

"झाकलात?"
"झाकला. पण पातळ.
पुढच्या रंगाऱ्याला सापडावा इतपत."

आणि चटया, म्हणाले, तिरक्या.
इमारत पूर्वेला तोंड करून, मक्का आग्नेयेला,
म्हणून माणसं शतकानुशतकं
भिंत सोडून कोपऱ्याकडे बघत उभी.
"तुमच्या घरात मला ती कटकट नव्हती."

मी वर बघितलं.
आईचा देव्हारा याच कोनाड्यात होता. देव पूर्वेला बघायचे,
म्हणजे हात जोडून आम्ही पश्चिमेला.
त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत टेम्पो भरला, डोंबिवली.
देव डब्यात, डबा माझ्या मांडीवर, गिअर बदलला की वाजणारा.
भाव पडलेले होते. बाबांनी घासाघीस केली नाही,
सरखोतांनीही नाही.
ते स्वतः कुर्ल्याहून आले होते, दोन पिशव्या घेऊन.

कोनाड्यात त्यांनी रेहल ठेवली, वर हिरवं कापड.
आता तिथे वायफायचा डबा आहे.
सुनेला रेंज तिथेच नीट मिळते.
कुराण कपाटावर, सगळ्यात उंच.

"तीनदा घर रंगवलं," ते म्हणाले, "एवढं सोडून."
वायर बाजूला केली की दिसतं:
कोनाड्याच्या कमानीत वर, हाताच्या पंजाएवढी
निरांजनाची काजळी.

मला काही बोलायचं होतं.
त्यांनी बोलू दिलं नाही.
"कितीही हात मारा, काजळी रंगातून वर येतेच.
प्रायमर कशाला फुकट घालवायचा?"

आतून सून ओरडली, वायरला हात कुणी लावला,
आदिलची परीक्षा चालू आहे ऑनलाइन.
मी वायर होती तशी ठेवली.

जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबून
आईला फोन लावला.
तिने उचलला, तेव्हा विचारलं,
गोळ्या घेतल्यास का.